कुमुदची सोळावी ओळ

ईरा आणि निहार,

तुमच्या आत्याआजीला जाऊन आज तीन आठवडे झाले. तुम्हाला येता आलं नाही याचं मनाला लावून घेऊ नका, हे पत्र त्यासाठी नाही. परवा फोनवर निहार म्हणाला, "आत्याआजी म्हणजे तीच ना, जिने अख्ख्या अस्पतालचा सर्वर बंद पाडला होता?" आणि ईरा, तू हसलीस. तुमची चूक नाही. ही गोष्ट आपल्या घरात मीच रुळवली. दिवाळीत चार माणसं जमली की मी ती सांगायची, सगळे हसायचे आणि कुमुदही हसायची. ती गोष्ट खोटी आहे. खोटी आहे हे मला आत्ता, ती गेल्यावर कळलं. तुम्ही ती पुढे तुमच्या मुलांना सांगण्याआधी मला ती दुरुस्त करायची आहे.

पण तुम्हाला सांगायला बसले तर मी शिकवायला लागेन, आणि शिकवताना स्वतःला सांभाळून घेईन. म्हणून तिच्याशीच बोलते. तुम्ही शेजारी बसून ऐका.

कुमुद,

तुझ्यावर मला पहिल्यापासून संशय होता. लग्न होऊन मी उज्जैनला आले तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस. आठव्या दिवशी माझं माहेरचं गजराचं घड्याळ तू उघडलंस, परत लावलंस, आणि ते पहिल्यापेक्षा नीट चालायला लागलं. मी सासूबाईंकडे तक्रार केली. घड्याळ नीट चालतंय यात तक्रार कसली, असं त्यांनी विचारलं. तक्रार ही की मला न विचारता केलं. नणंद-भावजयीचं आपलं एकच भांडण होतं आणि ते जन्मभर पुरलं: तू माझ्यासाठी काहीतरी करायचीस, आणि ते मला कोणीतरी तिसराच सांगायचा.

पुढे तू इलेक्ट्रॉनिक्स शिकलीस, पॉलिटेक्निकमध्ये शिकवलंस, आणि मग ट्रस्टच्या अस्पतालात संगणक विभाग झालीस. विभागात तू एकटीच होतीस, म्हणून 'विभाग झालीस' असंच म्हणायला हवं. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर आठवड्यातून तीन दिवस तिथे ट्रस्टची इंग्रजी पत्रं लिहायला येऊ लागले. नानाखेड्याहून एका रिक्षात बसून आपण दोघी जायचो. तू सगळ्या वाटेत रिक्षावाल्याशी गप्पा मारायचीस, मी तो रस्ता बरोबर घेतोय का ते बघायची.

मुलांना कळावं म्हणून तुझं काम माझ्या शब्दांत सांगते, चुकलं तर हसू नकोस. रक्तपेढीतली कोणती पिशवी कोणत्या गटाची, कोणासाठी राखून ठेवलेली, हे सगळं सर्वरमध्ये असायचं. ज्या कंपनीने तो प्रोग्राम केला होता ती अधूनमधून दुरुस्त्या पाठवायची. तुम्ही लोक त्यांना पॅच म्हणता. चालत्या सर्वरवर ते पॅच चढवायचे म्हणजे सर्वर थोडा वेळ थांबवावा लागणार, आणि तो थांबला की रक्तपेढीच्या खिडकीवरच्या बाईला कोणती पिशवी कोणाची हे दिसणार नाही. समोर नातेवाईक हात जोडून उभे. म्हणून थांबायचं ते कमीत कमी. चार मिनिटं, ही तुझी मर्यादा होती. कंपनीने दिलेली मर्यादा जास्त होती, पण ती तू मान्यच केली नाहीस.

कंपनीचा माणूस म्हणायचा, काम रात्री दोनला करा, तेव्हा गर्दी नसते. तुला ते पटलं नाही. महिनाभर तू कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तासातासाच्या नोंदी मोजल्यास. रात्री दोनला आपल्या गावात माणसं झोपलेली नसतात, महाकालच्या पहाटेच्या आरतीच्या रांगेत उभी असतात, आणि तिकडे पोचायच्या घाईत गाड्या ठोकतात. सगळ्यात शांत वेळ निघाली दुपारची तीन ते चार. सोमवार नाही, अमावास्या नाही, स्नानाचा कुठलाही दिवस नाही, कारण रामघाटावर गर्दी झाली की तिचा एक हिस्सा आपल्या दारात येतोच. कंपनीच्या माणसाला तू हे कळवलंस तेव्हा त्याने लिहिलं की असं कुठेच करत नाहीत. ते पत्र तू मला वाचायला दिलंस आणि म्हणालीस, "बघा वहिनी, 'कुठेच' म्हणतो. उज्जैन पाहिलंय का याने?"

संशय घेण्यात आपण दोघी सारख्याच होतो. फरक एवढाच की मी माणसांवर घ्यायची, तू यंत्रांवर.

तुझा एक नियम होता. असं काम एकट्याने करायचं नाही. एकीने यादी वाचायची, एकीने करायचं, आणि करणारीने काहीही आठवायचं नाही. जेवढं वाचलं जाईल तेवढंच हाताने करायचं. आठवणीवर गेलं की माणूस पायऱ्या गाळतो, असं तू म्हणायचीस. ट्रस्टने दुसरा माणूस दिला नाही, तेव्हा तू सचिवसाहेबांकडून लेखी परवानगी घेतलीस आणि मला बोलावलंस. मला यातलं काही कळत नाही, हे मी सांगून पाहिलं.

"म्हणूनच," तू म्हणालीस. "कळणारा माणूस पुढचं गृहीत धरतो. तुम्ही तर दूधवाल्याच्या मापावरही विश्वास ठेवत नाही."

मी ते तारीफ म्हणून घेतलं. अजूनही नक्की सांगता येत नाही.

दोन यंत्रं होती. तू त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचीस. थोरली काम करते आणि धाकटी तिच्या प्रत्येक नोंदीची नक्कल उतरवत मागे उभी असते. आधी धाकटीला पॅच चढवायचा, मग क्षणभर खिडकी थांबवून सगळं काम धाकटीकडे सोपवायचं, आणि मग निवांतपणे थोरलीला हात लावायचा. गच्चीवरच्या दोन टाक्या दाखवून तू मला हे समजावलंस. एक धुताना दुसरीचं पाणी चालू राहतं, खाली नळाखाली भांडी घासणाऱ्या बाईला पत्ताही लागत नाही.

मला ते फार सोपं वाटलं, म्हणजे संशयास्पद. मी विचारलं, धाकटीने सगळं उतरवून घेतलंय हे तू कधी बघतेस? तू म्हणालीस, खिडकी थांबवण्याच्या आधी. मी म्हटलं, हे चूक आहे. शाळेच्या सहलीत बसमध्ये मुलं मोजली आणि मग दार लावलं, तर मधल्या मिनिटात एक जण भेळ घ्यायला उतरलेला असतोच. दार लावून पुन्हा मोजायचं असतं. तू शेवेची वाटी माझ्यापुढे सरकवलीस. मला वाटलं, विषय बदलतेय.

त्यानंतर वर्षभर आपण ते काम केलं. दुपारी पावणेतीनला मी चष्मा पुसून यादी हातात घ्यायची. मी वाचायची, तू करायचीस आणि 'केलं' म्हणायचीस. मी म्हणायची, दाखव. तू म्हणायचीस, वहिनी, केलं म्हटलं ना. मी म्हणायची, दाखव. तू संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवायचीस, मग मी लाल पेन्सिलीने खूण करायची. त्या अर्ध्या तासात मी पुन्हा हेडमिस्ट्रेस असायची. तुला ते ठाऊक होतं. मला त्या कामाची जेवढी गरज होती तेवढी त्या कामाला माझी होती का, हा संशय मला तेव्हाही होता.

आता त्या कागदाचं सांगते.

तुझी यादी बघवत नसे. तीन भाषा, दोन शाया, बाण, चहाचे गोल. एका सुट्टीत मी ती घरी आणली आणि स्वच्छ इंग्रजीत, एका पानात उतरवून काढली. तुझ्या कागदावर बावीस ओळी होत्या. तेरावी ओळ: दोन्ही यंत्रांची शेवटची नोंद जुळते का पाहा. मग चौदावी, खिडकीवर फोन करून सांगा. पंधरावी, नोंदी घेणं थांबवा. आणि सोळावी, पुन्हा शब्दशः तेरावीच. तीस वर्षं मी मुलांच्या निबंधांतून असं दुसऱ्यांदा आलेलं वाक्य काढत आले. इथेही काढलं. पुढच्या ओळींना नवे आकडे दिले. एकवीस ओळी झाल्या, पान सुरेख दिसायला लागलं. तू बघून म्हणालीस, "किती देखणं केलंत हो," आणि त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर घातलंस.

सर्वर बंद पडला त्या दुपारी मी माझी यादी वाचली. तू नियमाप्रमाणे काहीही आठवलं नाहीस. मी वाचलं तेवढंच केलंस. तेरा, चौदा, पंधरा, आणि लगेच काम धाकटीकडे. पावणेचार मिनिटं लागली. मी वेळ लिहून त्याखाली रेघ मारली. आपण चहा मागवला.

तेरावी आणि पंधरावी यांच्या मधल्या मिनिटात खिडकीवर एक नोंद झाली होती. जवळच्या तराणा गावाहून आलेल्या एका बाईच्या ऑपरेशनसाठी दुर्मीळ गटाची एकुलती एक पिशवी राखून ठेवल्याची. ती थोरलीत राहिली, धाकटीकडे पोचलीच नाही. धाकटीच्या लेखी पिशवी मोकळी होती, आणि ती दुसऱ्याच रुग्णाच्या नावे लागली. खिडकीवरची बाई फ्रिजकडे गेली तेव्हा पिशवीवर तिच्याच हाताने चिकटवलेली चिठ्ठी तिला दिसली, म्हणून बरं. मग मात्र सगळं थांबवावं लागलं. थोरली आणि धाकटी समोरासमोर ठेवून तू एकेक नोंद ताडून पाहिलीस. दीड तास सर्वर बंद. दुसऱ्या रुग्णासाठी इंदोरहून पिशवी आणली. तराण्याच्या बाईचं ऑपरेशन सकाळचं संध्याकाळवर गेलं नाही, पण दुपारचं रात्रीवर गेलं. तिचा नवरा तुझ्या दारात येऊन नुसता उभा राहिला होता. ती बाई बरी होऊन घरी गेली. दुसरा रुग्णही. हे लिहून ठेवते, नाहीतर मुलं काळजी करतील.

मला खात्री होती, कंपनीचा पॅच खराब होता. मी तुला तसं सांगितलं. तू म्हणालीस, बघते. आठवड्याने तू समितीला खुलासा दिलास: चूक माझी. मी चिडले. मला वाटलं, तू कंपनीला घाबरलीस, किंवा खरंच काहीतरी तुझ्या हातून झालंय आणि माझ्यापासून लपवते आहेस. दुसरा संशय जास्त पटला.

समितीने तुझ्या सेवापुस्तकात शेरा लिहायचं ठरवलं. सचिवसाहेब माझ्याकडे आले आणि म्हणाले, मैडम, आप ही लिख दीजिए, भाषा ज़रा नरम रहेगी। मी लिहिला. खूप विचार करून लिहिला, कुठे काटा राहू नये म्हणून. तू त्यावर 'वाचलं' अशी सही केलीस आणि कागद माझ्याकडे परत देताना म्हणालीस, "भाषा छान आहे, वहिनी."

मी त्या वाक्यावर किती विचार केला असेल. टोमणा होता की कौतुक? तुझा चेहरा कधीच काही सांगायचा नाही.

पुढच्या वेळेला यादी तू छापून आणलीस. मी म्हटलं, थांब, मी नीट उतरवून देते. तू म्हणालीस, आता प्रत काढू नका, डोळे थकतात तुमचे. मला राग आला. मी म्हातारी झाले असं तू सुचवतेस, असं वाटलं. त्या छापील यादीत पुन्हा बावीस ओळी होत्या हे मी पाहिलं होतं. वाटलं, कंपनीने काहीतरी वाढवलं असेल. मी वाचत राहिले. शेवटपर्यंत तू मलाच वाचायला बसवलंस, आणि मी दर वेळी म्हणत राहिले, दाखव.

आणि घरी दिवाळीत मी गोष्ट सांगायला लागले. आमच्या कुमुदने सर्वर कसा बंद पाडला. मी तराण्याच्या बाईच्या नवऱ्याचा भाग गाळायची, चहा मागवल्याचा भाग रंगवायची. तू चकल्यांचं ताट फिरवत हसायचीस. एकदा तुझे दादा म्हणाले होते की हे आता पुरे. तू म्हणालीस, सांगू दे रे, छान सांगते.

गेल्या सोमवारी अस्पतालात तुझ्यासाठी सभा झाली. हॉल भरला होता. खिडकीवरची बाई रडली. सचिवसाहेब बोलले. तुझ्या प्रामाणिकपणाबद्दल, वक्तशीरपणाबद्दल चांगलं बोलले आणि मग म्हणाले, एक चूक छोड़ दें तो उनका काम बेदाग़ था। मी पहिल्या रांगेत होते. लोकांनी माना डोलावल्या. मला एवढा संताप आला की घरी येऊन मी चप्पल न काढता तुझ्या खोलीत गेले आणि कपाट उघडलं. चूक कंपनीची होती हे सिद्ध करणारा कागद मला शोधायचा होता. तू कागद टाकत नाहीस हे मला ठाऊक होतं.

हिरव्या फाइलीत तीन कागद एकत्र टाचलेले होते. वर माझी देखणी प्रत, प्लॅस्टिकमधून काढलेली. पंधरा आणि सोळाच्या मधे तू पेन्सिलीने एक बारीकशी खूण केली होतीस, दुसरं काही लिहिलं नव्हतंस. तिच्याखाली तुझी मूळ यादी. सोळाव्या ओळीच्या बाजूला, चहाच्या डागाशेजारी, तुझ्या अक्षरात: 'वहिनींचा प्रश्न. दार लावून पुन्हा मोजणे.' आणि तिसरा, तुझ्या खुलाशाचा कच्चा मसुदा. त्यात पहिल्यांदा लिहिलं होतंस, 'यादीची प्रत करताना एक ओळ गळली.' ते खोडलंस. खाली लिहिलंस, 'नवी प्रत मूळ यादीशी ताडून पाहणं माझं काम होतं. मी पाहिली नाही. चूक माझी.'

मी बिछान्यावर बसले. तुझ्या. चादर अजून तीच होती.

म्हणजे ती ओळ माझीच होती. माझ्या प्रश्नावरून तू ती घातलीस, मला न सांगता. आणि मी ती काढली, तुला न सांगता. तू ते आठवड्याभरात शोधलंस आणि तेही मला सांगितलं नाहीस.

आता भांडू या, कारण इतकी वर्षं भांडायला हवं होतं. तू मला का सांगितलं नाहीस? मला वाईट वाटेल म्हणून? मी तीस वर्षं मुलांना त्यांच्या चुका तोंडावर सांगितल्या, मला एक ऐकता आली नसती? की तू मला तेवढ्या योग्यतेची समजलीच नाहीस? त्यानंतर मला वाचायला बसवत राहिलीस ते विश्वासाने की दयेने? मी 'दाखव' म्हणायची तेव्हा तुझ्या मनात काय यायचं? आणि हे तीन कागद असे एकत्र टाचून का ठेवलेस? टाकून द्यायचे होतेस. तू स्क्रूसुद्धा उगाच ठेवत नव्हतीस. मला सापडावेत म्हणून ठेवलेस का? मग निदान जिवंतपणी तरी सापडू द्यायचे.

तुझं म्हणणंही मला ऐकू येतं. वहिनी, प्रत ताडून पाहणं माझंच काम होतं. हे खरं आहे. मसुद्यातलं एकही अक्षर खोटं नाही, हेच मला सहन होत नाही. तू खोटं बोलली असतीस तर मी तुला पकडलं असतं.

तुझे आभार मानायचे आहेत, पण ते तुला कधी नीट घेता आले नाहीत. तू लगेच काहीतरी खायला पुढे करायचीस. म्हणून थोडक्यात: निवृत्तीनंतर मला कुणी कामाचं समजलं नव्हतं. तू समजलीस. माझा जो स्वभाव घरात सगळ्यांना जाचायचा त्याला तू टेबलाशी खुर्ची दिलीस. ती खुर्ची तू माझ्याकडून काढून घेऊ शकली असतीस, आणि त्यासाठी तुझ्याकडे लेखी कारण होतं.

मंगळवारी सकाळी मी इंग्रजीत पत्र लिहिलं. या वेळी भाषा नरम ठेवली नाही. तिन्ही कागदांच्या प्रती जोडल्या आणि देवास गेटला बसमधून उतरून अस्पतालापर्यंत चालत गेले, कारण रिक्षात एकटीने बसवेना. सचिवसाहेबांनी पत्र दोनदा वाचलं. मग चष्मा काढून म्हणाले, "मैडम, अब इन बातों से क्या फ़ायदा? वो तो चली गईं।"

"इसीलिए आई हूँ," मी म्हटलं. "अब वो मना नहीं कर सकती।"

त्यांनी सांगितलं की बात माझ्यावर येईल. मी म्हटलं, यायलाच हवी, म्हणून तर लिहिलं आहे. त्यांनी सांगितलं की सेवापुस्तकातला जुना शेरा खोडता येत नाही, तसा नियम नाही. फार तर हे पत्र त्यामागे लावता येईल. मी म्हटलं, लावा. ते म्हणाले, लावून ठेवतो, तुम्ही निश्चिंत घरी जा. मी गेले नाही. कपाटातून सेवापुस्तक येईपर्यंत, पत्रावर आवक क्रमांक पडेपर्यंत आणि दोरा त्या कागदातून आरपार जाऊन त्याची गाठ बसेपर्यंत मी तिथेच खुर्चीवर बसून राहिले. त्यांना वाटलं असेल, म्हातारीचा कोणावर विश्वास नाही. नाहीच.

तर मुलांनो, आत्ता स्थिती अशी आहे. कुमुदच्या सेवापुस्तकात एक शेरा आहे, माझ्या भाषेत लिहिलेला. त्याच्या लगेच मागच्या पानावर माझं पत्र आहे, माझ्या सहीचं. यापुढे जो कोणी ते पुस्तक उघडेल त्याच्यासमोर दोन्ही येतील.